मोरचुदाचं पाणी

मी कॉलेजात शिकायला गेले, त्याचा आमच्या काठावरच्या लोकांना पहिला उपयोग झाला तो एक नोटीस वाचून घ्यायला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. धरणाच्या काठावर होड्या बांधतात तिथल्या खांबावर तो कागद चिकटवलेला होता. वाचता येणारे दुसरेही होते. माझा चुलताच सातवी शिकलेला. पण सगळे म्हणाले, "पोरगी सायन्सला हाय, तिला वाचू द्या." आठ-दहा बाप्यांपुढं मी याआधी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. तरी वाचलं.

त्यात लिहिलं होतं की धरणाचं पाणी शहराला पिण्यासाठी जातं, पाखरांसाठीही हा इलाका राखीव आहे, म्हणून होडीच्या बुडाला तांबं असलेला कुठलाही रंग किंवा लेप लावू नये. लावलेला सापडला तर मासेमारीचा परवाना रद्द होईल.

"म्हंजे शहराचं काळं पाणी नाल्यानं खाली येतंय त्ये चालतंय, आन आमच्या होडीचं बूड चालत नाय," चुलता म्हणाला.

"खाली सही कुणाची हाय?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे माझे वडील.

"सही वाचता येत नाही."

"मंग साहेबाचीच हाय," एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले.

तांब्याचा रंग आमच्याकडं कसा आला ते सांगायला हवं. होडी वर्षभर पाण्यात राहिली की तिच्या बुडाला शेवाळ धरतं. आधी नुसता बुळबुळीत थर असतो, मग त्यावर बारीक गोगलगायी चिकटतात, आणि मग लाकूड कुजायला लागतं. अशी होडी वल्हवायला दुप्पट जोर लागतो. पूर्वी नुसतं डांबर फासायचे. मग आमच्यातला एकजण कोकणात बंदरावर काम करून आला आणि येताना तांबड्या रंगाचा डबा घेऊन आला. समुद्रावरच्या होड्यांना लावतात तो. त्यात तांबं असतं, त्यानं शेवाळ धरत नाही. दोन वर्षांत काठावरच्या सगळ्या होड्यांची बुडं तांबडी झाली. आणि मग ही नोटीस आली.

मला नोटिशीतलं म्हणणं पटत होतं, पण तसं बोलले नाही. शहराला तेव्हा आम्ही सगळे औरंगाबादच म्हणायचो. तिथं मी दोघी मुलींबरोबर एका खोलीत राहायचे. ती वसाहत नवी होती. तीन वर्षांपूर्वी तिथं तुरीचं रान होतं असं घरमालकीण सांगायची. घरं आली, पण पाणी काही त्यांच्यामागून आलं नाही. नळ आठवड्यानं कधीतरी यायचा, एरवी टँकर. टँकरवाला खिडकीतून ओरडायचा, "पैले बाल्टीवाले, बादमें ड्रमवाले! बाजू हो जाव, खाला!" आणि सगळ्या ड्रमवाल्या आधी घुसायच्या. घरमालकीण मला म्हणायची, "तुझ्या धरणातलं पाणी कुठं गेलं गं? तुम्हीच पिऊन टाकलं का?" ती चेष्टेनं म्हणायची, पण मला उगीच अपराध्यासारखं वाटायचं. ती पाणी गाळून, उकळून, तिच्या लहान नातवाला चमच्यानं पाजायची. ते पाणी आमच्या होड्यांखालचं आहे हे माझ्या मनातून जायचं नाही.

कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचे. इंग्रजी शब्द आले की माझ्या वहीत रिकाम्या जागा राहायच्या. एकदा प्रयोगशाळेत सरांनी निळ्या खड्यांची बाटली दाखवली आणि हे काय आहे विचारलं. बाटलीवर इंग्रजीत कॉपर सल्फेट लिहिलेलं होतं. मी मनात म्हणाले, हे तर मोरचूद. पाचोडच्या बाजारात शेतीच्या औषधांच्या दुकानात पोत्यात असतं. द्राक्षवाले, डाळिंबवाले चुन्यात कालवून फवारतात. वर्गात सगळ्यांच्या आधी मला माहीत असलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती मी मोठ्यानं बोलले नाही. हे लिहिते आहे कारण न बोलण्याची ही सवय मला तेव्हापासून, किंवा त्याच्याही आधीपासून होती.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. धरण मागं सरकत गेलं. दिवाळीनंतर ते इतकं आत गेलं की आबा आणि माय वस्तीवरून उठून धरणाच्या पोटातच, पाण्याच्या नव्या काठाशी, पत्र्याचं छप्पर टाकून राहायला गेले. पाणी हटलेल्या गाळाच्या जमिनीवर काहींनी ज्वारी पेरली होती. तीही पाण्यावाचून गुडघ्याएवढीच राहिली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले तेव्हा ते छप्पर मी पहिल्यांदा बघितलं. शेजारीच एका मेंढ्यावाल्या बाईचा मुक्काम होता. पिशोरकडची होती. तिकडं चारा-पाणी संपलं म्हणून पन्नासेक मेंढरं घेऊन ती हिवाळ्यातच इथं उतरली होती. नवरा शहरात बांधकामावर मजुरीला होता. काठाच्या ओलीवर थोडं हिरवं गवत होतं, त्यावर तिची मेंढरं जगत होती. मी तिला मावशी म्हणायचे. ती माझ्या मायलाही माय म्हणायची आणि दोघींचं दिवसभर काहीतरी चाललेलं असायचं.

"तुझ्या बकऱ्यांनी रात्री झोपू दिलं नाय," माय म्हणायची.

"बकऱ्या नव्हं, मेंढ्या! तुमच्या माशाला कुणी बेडूक म्हनलं तर चालंल का?"

मला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय शिकतीस गं?"

"रसायनशास्त्र. म्हणजे, कशात काय असतं ते."

तिनं धरणाच्या हिरव्या पाण्याकडं बोट केलं. "मंग सांग, ह्यात काय हाय?"

"शेवाळ. गाळ."

"त्ये तर मलाबी दिसतंय," ती म्हणाली आणि माय आणि ती पोट धरून हसल्या. मीही हसले.

होड्या उन्हाळ्यात पालथ्या घालायची आमच्याकडं रीत आहे. आधी होडीच्या नाकाला हळदकुंकू लावायचं, मग चौघांनी मिळून ती उलटी करायची, बूड खरवडायचं आणि लेप द्यायचा. त्या वर्षी होडी आधीच कोरड्यावर पडून होती. उन्हानं फळ्यांना भेगा गेल्या होत्या. परवान्याची मुदत पावसाळ्याच्या तोंडाशी संपत होती. साहेब येऊन होडी बघणार, बूड तपासणार आणि मग नवा परवाना देणार. आबांची आणि चुलत्याची मिळून एकच होडी. परवाना आबांच्या नावावर. धरणात पाणी नसलं तरी परवाना हवा होता, कारण पाणी आलं त्या दिवशी ज्याच्याकडं कागद तो माणूस धरणावर, बाकीचे काठावर.

आबांनी पाचोडच्या बाजारातून मोरचूद आणलं होतं. पिशवी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "आधी लाकडाला ह्याचं पाणी पाजायचं, वाळलं की वरून डांबर. माप सांग. तू शिकतीस ना ह्ये?"

मी म्हणाले, "आबा, ह्यात तांबंच आहे. नोटिशीत रंग किंवा लेप म्हटलंय."

"द्राक्षावर मारतेत. लोक खातेत ती द्राक्षं."

"तरी पण..."

"एकदा डांबर बसलं की खाली काय हाय त्ये कुणाच्या बापाला दिसत नाय," चुलता म्हणाला. "तुला माप येत नसंल तर तसं सांग."

मला माप येत होतं. खरं सांगायचं तर त्या वाक्यानंतर मी नोटिशीचा विचारच सोडला. वहीत आकडेमोड केली. लोखंडी बादली नको, प्लास्टिकची घ्या म्हणाले. का, तर मोरचुदाच्या पाण्यात लोखंड घातलं की त्यावर तांबं चढतं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून प्लास्टिकच्या मगात ते पाणी घेऊन त्यात खिळा सोडला. थोड्या वेळानं बाहेर काढला तर खिळा तांबूस. आबा तो खिळा हातात घेऊन सगळ्या काठाला दाखवत फिरले. "बघा, मपल्या पोरीनं खिळ्याला तांबं चढवलं." इतकं कौतुक मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

माझ्या हिशोबात दोन बादल्या पाणी लागायला हवं होतं. एकच लागली. लाकूड किती पाणी पितं याचा अंदाज वहीतून येत नाही. एक सबंध बादली निळं पाणी उरलं. दिवस कलला होता. आबा आणि चुलता डांबराचं पिंप आणायला वर जुन्या वस्तीवर निघाले. जाताना आबा म्हणाले, "ह्याचा निचरा कर, कुणी बघायच्या आत."

पाणी वीस पावलांवर होतं. बादली नेऊन धरणात पालथी केली असती तर मिनिटाचं काम होतं. मी ती उचललीही. पण मला घरमालकिणीचा नातू आणि तो चमचा आठवला. धरणात उरलं होतं ते थोडं पाणी, आणि सगळं शहर त्यावर. मी धरणात ओतणार नाही असं ठरवलं. बादली घेऊन उलट्या दिशेला, काठापासून लांब गेले. छपराच्या मागच्या बाजूला जमिनीत एक पसरट खड्डा होता. तळाशी ओल होती. हे पाणी तिथंच मुरेल, धरणापर्यंत जाणार नाही असा विचार केला आणि ओतलं. बादली त्यातच विसळली. मनाला बरं वाटलं. नियम निम्मा मोडला होता, पण निम्मा पाळलाही होता, असं काहीतरी.

तो खड्डा कशाचा आहे हे मला माहीत नव्हतं. मी घरी येऊन दोनच दिवस झाले होते, आणि सकाळी मी उठेपर्यंत मेंढरं पाणी पिऊन चरायला गेलेली असायची.

अंधार पडायला लागला तेव्हा माय गोवऱ्या घेऊन आली. तिनं छपराच्या मागं भांडी घासली, आणि घासल्याचं पाणी, शिवाय धरणातून आणलेल्या दोन बादल्या, त्या खड्ड्यात ओतल्या. हे ती हिवाळ्यापासून रोज करत होती. काठाला चिखल फार होता, त्यात दोन कोकरं रुतून मेली होती. तेव्हापासून मेंढरांना सकाळचं पाणी खड्ड्यात ठेवायचं असं दोघींनी ठरवलं होतं. वाकून बघावं असं मायला त्या दिवशी काही कारण नव्हतं.

सकाळी मेंढरं उठली आणि सवयीनं खड्ड्यावर गेली. पुढं होती त्यांनी प्यायलं. मागच्यांच्या वाट्याला फारसं उरलं नसावं.

मी तेव्हा होडीपाशी होते. मावशीची हाक आली ती आधी रोजच्यासारखीच वाटली. मग ती थांबेना. गेले तर चार-पाच मेंढरं पाय पसरून पडली होती. दात करकर वाजत होते. तोंडाला फेस होता. मागून हिरवट पाणी जात होतं. एक मेंढी उभी राहायची, दोन पावलं टाकायची आणि गुडघ्यावर बसायची, पुन्हा उठायची. मावशीनं ताक पाजलं, गूळ पाजला, पोटं चोळली. माय तिच्याबरोबर पळत होती. दुपारपर्यंत पहिली मेली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अकरा मेंढरं मेली होती. त्यात गाभण किती होत्या ते मावशीनं मोजलं, मी मोजलं नाही.

त्या पहिल्या दुपारीच माय ताकाचा तांब्या भरायला छपरात आली आणि म्हणाली, "खड्ड्याच्या कडंला निळं कशाचं गं? मी काल रोजच्यावाणी पाणी ओतलं तिथं."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं होडीकडं बघितलं. मग ती खाली बसली. बाहेर मावशी हाक मारत होती, "माय, ताक आणा की!"

आबांना मी संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ डांबर ढवळत राहिले. "कुणाला बोलू नको," एवढंच म्हणाले.

जनावरांचा डॉक्टर मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून एक साहेब पंचनाम्याला आले. तोवर शेजारच्या गाळाच्या रानात ज्वारी पेरलेला माणूस बोलायला लागला होता. दुष्काळात खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरानं खाल्ली की ते मरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो म्हणाला, "हिची मेंढरं मपल्या रानात शिरली, खाल्लं, मेली. चोरी बी हिनंच करायची आन बोंब बी हिनंच ठोकायची?"

"तुमच्या ज्वारीला मपली एक मेंढी बी शिवली नाय," मावशी म्हणाली. "साहेब, ह्या खड्ड्यातलं पाणी पिऊन झालंय. ही कड बघा."

साहेब खड्ड्यापाशी गेले. खड्डा कोरडा होता, कडेला फिकट निळी रेघ होती. "हे काय?"

"लई दिवसांचं हाय," आबा म्हणाले. "कुणी तरी फवाऱ्याचा पंप धुतला असंल. इथं मेंढरं येत नायत."

"येत नायत?" मावशी मायकडं वळली. "माय, तुमी सांगा की. रोज तुमीच पाणी ठेवता."

माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "कधी कधी ठेवते."

साहेबांनी कागदावरून मान वर करून माझ्याकडं बघितलं. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. "तू सायन्सला आहेस ना? तुला काय वाटतं?"

होडी तीस-चाळीस पावलांवर पालथी पडलेली होती, काळीभोर. मला उत्तर येत होतं. कोणतं रसायन, किती पाण्यात किती, कोणी ओतलं, किती वाजता. मी म्हणाले, "सांगता येत नाही."

त्यांनी ज्वारी लिहिली. मावशी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. ती वाट बघत होती, की मी अजून पुढं काही बोलेन.

ज्वारीवाल्यानं आणि आणखी चार जणांनी तिला दोन दिवसांत काठ सोडायला सांगितलं. चोर बाई इथं नको म्हणाले. उरलेली मेंढरं घेऊन ती कुठं जाणार होती कुणी विचारलं नाही. पिशोरकडं पाणी नव्हतं म्हणून तर ती आली होती. निघताना तिनं मायकडं दिलेली परात मागून घेतली. माय म्हणाली, "अगं, भाकरी बांधून देते."

"नगं," ती म्हणाली. "माय" म्हणाली नाही.

सुट्टी संपून मी शहरात आले. तास चालायचे, मी बसलेली असायचे. प्रयोगशाळेत निळी बाटली फळीवर दिसायची. घरमालकिणीच्या नातवाच्या तोंडात चमचा जाताना मी तिथून उठून जायचे. हे असं सांगितलं की फार मोठं काही वाटतं. प्रत्यक्षात मी जेवत होते, झोपत होते, परीक्षेचा अर्ज भरत होते. फक्त रोज सकाळी एकदा साहेबांचा प्रश्न ऐकू यायचा.

तीन आठवड्यांनी मी एक अर्ज लिहिला. होडीला मोरचुदाचा लेप दिला होता, उरलेलं पाणी मी खड्ड्यात ओतलं, मेंढरं त्यानं मेली, ज्वारीनं नाही, त्या बाईची चोरी नाही. खाली माझं नाव. माझ्या नावानं मी लिहिलेला तो पहिला अर्ज. तो तसाच तालुक्याच्या कार्यालयात न देता मी शनिवारी गावी नेला, कारण आबांना न सांगता द्यायची मला हिंमत झाली नाही. त्यांना वाचून दाखवला.

चुलता उठून उभा राहिला. "आत्ता मिळालेला परवाना जाईल! तुला कळतंय का? आपल्या हातानं आपलं बूड फोडायलीस!"

"खाली बस," आबा म्हणाले. मग मला म्हणाले, "पुना वाच."

मी पुन्हा वाचला.

"ह्यो फाड," ते म्हणाले. मी कागद मागं ओढला. पण ते पुढं म्हणाले, "दुसरा लिही. मपल्या नावानं. मी लेप दिला, मी ओतलं. तुझं नाव नगं."

"पण ओतलं मी. माप माझं होतं."

"तुला पुढं सरकारी कागद लागतेल, नोकरीला. माझ्या नावानं गेला तर म्हणतेल अडाणी हाय. अडाण्याला माफी नसली तरी शाळेतून काढत नायत."

चुलता तोंड फिरवून बसला. माय चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "लिही गं. त्ये म्हणतेत तसं लिही."

मी लिहिला. आबांनी अंगठा दिला. पुढं कितीदा तरी मनात आलं की तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. धरला नाही, कारण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी आम्ही दोघं तो कार्यालयात देऊन आलो. पंधरा दिवसांत होडी तपासली, डांबर खरवडलं, खाली फिकट हिरवा-निळा थर निघाला. परवाना रद्द झाला. पंचनाम्याचं विचारलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, "तो कागद मिटला. तो काही दुरुस्त होत नाही." आमच्या हातात राहिली ती अर्जाची शिक्का मारलेली प्रत. चुलत्यानं बोलणं टाकलं. पावसाळ्यात थोडं पाणी आलं तेव्हा आबा दुसऱ्याच्या होडीवर जाळं ओढायला रोजानं जायला लागले. आमची होडी तशीच पालथी राहिली.

मावशीचा पत्ता काढायला आबा पाचोडच्या बाजारात दोन वेळा गेले. मेंढ्यावाल्यांनी सांगितलं, उरलेली मेंढरं तिनं तिथंच विकली. चाऱ्याशिवाय चालवून चालवून हाडं झाली होती. आता ती नवऱ्याबरोबर शहरात बायपासकडच्या एका इमारतीवर कामाला आहे.

मी एका दुपारी कॉलेज सुटल्यावर गेले. सात मजली सांगाडा होता. ती तळमजल्यावर वाळू चाळत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"काय गं," ती म्हणाली. चाळणी थांबली नाही.

मी प्रत काढली. "मावशी, आबांनी कार्यालयात लिहून दिलंय. मेंढरं ज्वारीनं मेली नाहीत असं."

"मला वाचता येत नाय. वाच."

मी वाचला. तिनं चाळणी खाली ठेवली आणि ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "तुझ्या बापानं ओतलं?"

अर्जात तसंच होतं. शिक्काही होता. मी म्हणाले, "नाही. मी ओतलं. माप पण मीच काढलं होतं. तो खड्डा मेंढरांचा आहे हे मला माहीत नव्हतं."

"कवा कळलं?"

"त्याच दुपारी."

"म्हंजे त्यो साहेब इचारत हुता तवा तुला ठावं हुतं."

"हो."

वर कुणीतरी सळ्या आपटत होतं. मला वाटलं शिवी देईल. द्यायला हवी होती.

"मला कामून वाचून दाखवती?" ती म्हणाली. "मला तर आधीपासून ठावं हुतं, मपल्या मेंढ्यांनी ज्वारी खाल्ली नाय म्हणून. चोर त्यानी म्हनलं. त्यानला वाचून दाखव जा. समद्यांपुढं म्हनलं हुतं, समद्यांपुढंच वाच."

पुढच्या रविवारी मी गेले. होड्यांच्या काठावर माणसं होती, ज्वारीवालाही होता. आबांना आधी सांगितलं होतं. ते "नको" म्हणाले नाहीत. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी अर्ज वाचला, आणि जे अर्जात नव्हतं तेही बोलले. आबा जमिनीकडं बघत होते. चुलता उठून निघून गेला. एकजण म्हणाला, "पोरीला शिकवून ह्ये मिळालं." ज्वारीवाला गाठोडं बांधत होता. त्यानं गाठ आवळली आणि म्हणाला, "बरं. मेली ती मेली. आता काय करता?" आणि गाठोडं डोक्यावर घेऊन तो गेला.

मी परत येऊन मावशीला सांगितलं.

"काय म्हनला त्यो?"

"बरं म्हणाला."

"येवढंच?"

"एवढंच."

मुकादमानं हाक मारली तशी चाळलेल्या वाळूचं घमेलं उचलून ती जिन्यानं वर गेली. मी थोडा वेळ तिथं उभी होते. ती खाली आली, पुन्हा घमेलं भरलं आणि माझ्याकडं न बघता पुन्हा वर गेली.